सावलीतली राख

सिनेमाची डिस्क घरी आली तेव्हा तराजूच्या उजव्या डोळ्याची पट्टी सुटून चारच दिवस झाले होते. एवढी एक गोष्ट त्यानं लक्षात घेतली असती तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण ज्याला लोकांनी जन्मभर 'तुमची नजर म्हणजे नजर' असं ऐकवलं, तो आपली नजर सोडून बाकी सगळ्या जगावर संशय घेतो. त्यानंही तेच केलं.

तराजू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. फिल्मच्या लॅबमध्ये तो छत्तीस वर्षं ग्रेडर होता. कॅमेऱ्यातून आलेल्या निगेटिव्हला प्रत्येक शॉटमागे लाल किती द्यायचा, हिरवा किती, निळा किती हे ठरवायचं, म्हणजे थिएटरात सकाळ ही सकाळ वाटते आणि चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. रंगाचा एक अंश इकडचा तिकडे झाला की हा खुर्चीतून उठायचा. कोणीतरी गमतीनं तराजू म्हणालं आणि ते नाव असं चिकटलं, की पगाराच्या पाकिटावरसुद्धा तेच येऊ लागलं.

'सातव्या चंद्राची माणसं' हा सिनेमा त्याच्या हातून गेला त्याला बेचाळीस वर्षं झाली. माणसं दूरच्या एका चंद्रावर राहायला जातात आणि तिथे कायमची संध्याकाळ असते, अशी ती गोष्ट. ती संध्याकाळ बनवायला दिग्दर्शक, कॅमेरामन आणि तराजू अकरा आठवडे एका अंधाऱ्या खोलीत कोंडून घेऊन बसले होते. जुन्या पितळी भांड्यावर येतो तसा उजेड त्यांनी केला. आणि सावल्यांमध्ये राख, म्हणजे कळेल न कळेल एवढा निळा. अगदी चिमूटभर, म्हणजे सावली मातकटही दिसू नये आणि थंडही पडू नये. उघड निळा रंग मात्र दीड तासात औषधालाही नाही, कारण तो शेवटासाठी राखून ठेवलेला. शेवटच्या शॉटमध्ये एक म्हातारी दार उघडते आणि त्या चंद्रावर पहिली पहाट होते. तेव्हा पडद्यावर पहिल्यांदा निळं येतं, आणि थिएटरात चांगली धडधाकट माणसं रडायला लागायची. का रडतोय ते त्यांना सांगता यायचं नाही. तराजूला सांगता आलं असतं, पण त्याला कोणी विचारलं नाही.

सिनेमा तेव्हा दोन आठवड्यांत उतरला. मग वर्षं जात गेली तसे त्याला वेडे भेटत गेले. त्यांनी मंडळ काढलं, अंक काढले, कॉपीच्या कॉपीची कॉपी असलेल्या कॅसेटी एकमेकांना दिल्या. घरी नीट बघता येईल अशी चांगली डिस्क कधी निघालीच नव्हती. शेवटी लॅबच्या धाकट्या मालकानं ती काढायचं ठरवलं. याचं वय पंचावन्न, वडील जाऊन वीस वर्षं झाली, तरी लॅबमध्ये हा धाकटाच.

अडचण एकच होती. निगेटिव्हवरून संध्याकाळ कळत नाही, ती छापताना घालावी लागते. जुन्या प्रिंटा सगळ्या रंग उडून गुलाबी पडलेल्या. आकड्यांची वही लॅब हलवताना कुठे गेली ती गेलीच. कॅमेरामन वारला होता, त्याच्यामागे दिग्दर्शकही. ती संध्याकाळ जशी होती तशी सांगू शकेल असं जगात आता काही उरलं असेल तर ते तराजूचे दोन डोळे. हिवाळ्यात तीन आठवडे त्याला मानानं गाडी पाठवून बोलावलं.

मशीनवर एक मुलगी होती. तिला सगळे चिमणी म्हणायचे, कारण ती बोलायची कमी आणि टिपायची फार. स्कॅन केलेलं चित्र समोर पडद्यावर, तिच्या हाताखाली रंगांची चाकं, आणि शेजारच्या खुर्चीत तराजू.

"सावल्या मातकट दिसताहेत," तो म्हणायचा. "राख घाल."

ती निळ्याचं चाक जरासं फिरवायची.

"अजून."

ती अजून फिरवायची.

"अगं, घाबरतेस काय? अजून."

दुसऱ्या दिवशी ती हळूच म्हणाली, "काका, निळं जास्त होतंय का?"

"तू किती वर्षं करतेस हे काम?"

"सहा."

"मी छत्तीस केलं."

तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा तराजूचा आवाज चढला. "हे बघ, मशीन तुझं, नजर माझी. ज्याचं काम त्यानं करावं." त्यानंतर ती काही बोलली नाही. तो म्हणेल तेवढं चाक फिरवत राहिली. तराजू प्रत्येक रिळाच्या कागदावर लफ्फेदार सही करत गेला आणि घरी आल्यावर जेवताना लेकीला सांगत राहिला, "निळं म्हणे! दुधाचे दात पडले नाहीत अजून, आणि मला शिकवते."

मोतीबिंदूचं कळलं ते त्यानंतर चार महिन्यांनी. जिन्याची शेवटची पायरी आहे हे त्याला दिसलं नाही आणि तो धाडकन खाली आला. लेकीनं उचलून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत पिकलाय. इतके दिवस काय करत होतात?" तराजू म्हणाला, वाचायला थोडं अडतं, बाकी उत्तम. आधी उजवा डोळा करायचा ठरलं आणि पंधरा दिवसांनी डावा.

पट्टी सुटली तेव्हा त्याला भिंत दिसली. पांढरी. इतकी पांढरी, की त्यानं लेकीला विचारलं, "रंग कधी दिलात?"

"सात वर्षांपूर्वी," लेक म्हणाली आणि हसली. तोही हसला. इथेच त्याला कळायला हवं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि याचा तर सुंभही अजून पुरता जळला नव्हता.

रविवारी दुपारी त्यानं लेकीला आणि जावयाला समोर बसवलं, पडदे ओढले आणि डिस्क लावली. पहिला शॉट आला. चंद्रावरची लांबच लांब जमीन, आणि तिच्यावर निळा उजेड. एखाद्या शवागारात असावा तसा. माणसांचे चेहरे थंडीनं गारठल्यासारखे, पितळ कुठे नाहीच. तराजूच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं टीव्हीच्या बटणांशी खटपट केली, जावयानं केली, शेजारच्यांचा टीव्ही बघून आले. तिथेही तेच. शेवटी म्हातारीनं दार उघडलं, पहाट झाली, आणि काहीच झालं नाही. दीड तास निळं बघितल्यावर आणखी थोडं निळं, त्याचं काय कौतुक?

"मला आवडला," जावई सांभाळून घेत म्हणाला. ते ऐकून तराजूला जास्तच रडू आलं.

त्यानं मंडळाच्या चिटणीसाला फोन लावला. चिटणीस बिचारा आधीच शोक करत होता. मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर तीन दिवस शिव्यांचा पाऊस चालला होता. चाळीस वर्षं वाट पाहिली ती याच्यासाठी का? हा सिनेमा चंद्रावरचा आहे की बर्फाच्या कारखान्यातला? चिटणीस म्हणाला, "तराजूसाहेब, लोक तुमचं नाव घेताहेत. डिस्कवर तुमचं नाव छापलंय ना."

नाव म्हटल्यावर तराजूचं डोकं फिरलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "मी सही करून बाहेर पडलो तेव्हा ती संध्याकाळच होती," तो म्हणाला. "माझ्या माघारी कोणीतरी हात मारलाय. मशीनवर ती मुलगी होती. तिला माझं काम पहिल्या दिवसापासून पटत नव्हतं. लिहा, माझ्या नावानं लिहा."

चिटणीसानं लिहिलं. तासाभरात ते शेकडो लोकांनी वाचलं, आणि ज्यांना शिव्या द्यायला नेमकं माणूस सापडत नव्हतं त्यांना ते सापडलं. तिसऱ्या दिवशी लॅबनं दोन ओळींचं पत्रक काढलं. ऑपरेटरकडून झालेल्या चुकीबद्दल दिलगीर आहोत, संबंधित व्यक्ती आता आमच्याकडे काम करत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि ती द्यायला चोरच पुढे होता. तराजूनं ते पत्रक दोनदा वाचलं. त्याला बरं वाटलं. हे लपवून काही उपयोग नाही, त्याला त्या दिवशी खरंच बरं वाटलं.

आणखी चार दिवसांनी सकाळी लेक त्याच्या डोळ्यात थेंब घालत होती. घालता घालता सहज म्हणाली, "बाबा, एक कळत नाही मला. ती मुलगी निळं जास्त होतंय असं म्हणत होती ना? तुम्हीच रोज सांगायचात."

"मग?"

"मग तीच कशाला आणखी निळं करेल?"

थेंब गालावरून खाली ओघळला तो तराजूनं पुसला नाही. तो उठला, समोरच्या खोलीत गेला, डिस्क लावली आणि पहिल्या शॉटवर थांबवली. तळव्यानं डावा डोळा झाकला. उजव्यानं पाहिलं. निळं, शवागार. मग हात बदलला. उजवा झाकला आणि जुन्या, पिकलेल्या, अजून ऑपरेशन न झालेल्या डाव्या डोळ्यानं पाहिलं.

समोर संध्याकाळ होती. जुन्या पितळाची. आणि सावल्यांत चिमूटभर राख, जिथल्या तिथे.

त्यानं पुन्हा हात बदलला. पुन्हा बदलला. लेक दारात उभी होती. म्हातारा बाप टीव्हीसमोर एकदा हा आणि एकदा तो डोळा झाकतोय हे बघून तिला आधी वाटलं खेळतोय, मग तिला त्याचं तोंड दिसलं. "बाबा, काय झालं?"

"सिनेमा मी मारला," तराजू म्हणाला. "आणि पोरीलाही मीच."

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते त्याला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. सावल्या मातकट नव्हत्याच. मातकट होता त्याच्या डोळ्यातला मोतीबिंदू. राख दिसत नव्हती म्हणून तो अजून अजून मागत गेला, आणि पोरगी शेजारी बसून सगळं धडधडीत निळं होताना बघत होती. दोनदा बोलली. दोनदा त्यानं तिचं तोंड बंद केलं.

त्यानं धाकट्या मालकाला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"तराजूसाहेब," मालक म्हणाला, "तुम्ही मोठ्या मनाचे आहात, म्हणून स्वतःवर घेताय."

"अहो, मोठं मन कसलं! मला निळं दिसतच नव्हतं!"

"हे बघा, प्रकरण मिटलंय. तुमचं नाव स्वच्छ आहे, माझंही आहे. मुलगी तरुण आहे, कुठेही लागेल."

"कोण ठेवेल तिला? पत्रक सगळ्यांनी वाचलंय."

"आणि उद्या मी लिहिलं, की आमच्या ग्रेडरला दिसत नव्हतं, तर लोक म्हणतील मुलीला वाचवायला म्हाताऱ्याला पुढे केलं. पुरावा काय तुमच्याकडे?"

मालक काही दुष्ट नव्हता. झाकली मूठ त्याला उघडायची नव्हती, एवढंच. पण पुरावा म्हटल्यावर तराजू खुर्चीतच ताठ झाला. पुरावा होता. त्याच्या डाव्या डोळ्यात होता, आणि गुरुवारी डॉक्टरीणबाई तो काढून टाकणार होत्या.

त्या दुपारी तो बाईंसमोर बसला. "डावा डोळा पुढे ढकला."

"किती?"

"माझं काम होईपर्यंत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मोतीबिंदू फार कडक झालाय. डोळ्यातला दाबही वाढतोय. आणखी आठ दिवस थांबलात तर डोळा वाचेल असं मी लिहून देणार नाही."

"आठ दिवस पुरेत मला," तराजू म्हणाला. लेक शेजारी बसली होती. ती उठून बाहेर निघून गेली, आणि घरी जाईपर्यंत तिनं बापाकडे पाहिलं नाही.

चिमणीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तराजू प्रत्येक पायरी पायानं चाचपत चढला. दार तिच्या आईनं उघडलं. कोण ते सांगितल्यावर आईनं दार लावून घेतलं नाही, पण आत या असंही म्हणाली नाही. ती तशीच उंबऱ्यात उभी राहिली. "आठ दिवस झाले, ती धड जेवत नाही," ती म्हणाली. "लोक काय काय लिहितात तिला. तुम्हाला मुलगी आहे का हो?"

"आहे."

"मग?"

तराजू मान खाली घालून उभा राहिला. तेवढ्यात आतून चिमणी आली. केस विंचरलेले नव्हते, डोळे सुजलेले. तिनं आईला बाजूला केलं नाही, आईच्या खांद्यावरूनच बोलली.

"माफी मागायला आलात का, काका?"

"मागतो. पण त्यानं तुझं काही भागणार नाही. मी तुला घ्यायला आलोय. माझा डावा डोळा अजून तसाच आहे, हिवाळ्यात होता तसा. मालकांच्या समोर उजवा बांधून बसतो. तेच शॉट, कच्चे, रंग न चढवलेले. मी सांगेन तेवढा निळा घालू दे त्यांना, आणि मग तुझ्या फाइलमधले आकडे काढू दे. ते जुळले तर ठरलं, की त्या चाकावर हात तुझा होता आणि अक्कल माझी."

"आणि नाही जुळले तर?"

"मग मी आंधळाही आणि खोटाही."

तिचा आवाज फुटला. "मला दिसत होतं, काका. सगळं दिसत होतं. मी दोनदाच का बोलले? तिसऱ्यांदा बोलायला काय झालं होतं मला? रात्र रात्र मी हाच विचार करते." आणि ती आईच्या पाठीला डोकं टेकून रडायला लागली. आपल्या अपराधाचा वाटा त्या मुलीनं स्वतःकडे ओढून घेतलाय हे बघून तराजूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर सोपं होतं.

मालक तयार झाला तो नाइलाजानं. तराजूनं त्याला सांगितलं होतं, की नाही म्हणालात तर मी मंडळाच्या सभेत उभा राहून डोळे झाकून दाखवीन. पुढच्या बुधवारी सकाळी ते तिघं त्या अंधाऱ्या खोलीत जमले. मुलीवर संशय नको म्हणून चाकावर मालक स्वतः बसला. वडिलांच्या हाताखाली तो हे काम शिकला होता. आकड्यांच्या छोट्या पडद्यावर त्यानं जाड कागद चिकटवला. चिमणी मागे भिंतीला टेकून उभी राहिली. तराजूनं उजव्या डोळ्यावर कापूस ठेवून वर घट्ट पट्टी बांधली आणि तीन कच्चे शॉट मागितले.

पहिला आला. लांबच लांब जमीन. डाव्या डोळ्याला सावल्या मातकट दिसल्या.

"राख घाला," तराजू म्हणाला. "अजून. अजून. थोडं मागे. हां, थांबा."

दुसरा, तिसरा. खोलीत मशीनच्या पंख्याचा आवाज सोडला तर काही नव्हतं. त्याला डोळ्यात कळ येत होती, पाणी वाहत होतं, पण त्यानं घाई केली नाही. इतक्या वर्षांत त्यानं एकाही शॉटची घाई केली नव्हती. शेवटी तो मागे टेकला आणि म्हणाला, "काढा कागद."

मालकानं कागद काढला. चिमणीनं हिवाळ्यातली फाइल उघडली. मालकानं आकडे मोठ्यानं वाचले, आधी हिवाळ्यातले, मग आत्ताचे. एकोणीस, एकोणीस. बावीस, बावीस. सतरा, अठरा.

सहा महिने मध्ये गेले होते, एक डोळा बांधलेला होता, आणि हा माणूस तीन शॉटमध्ये मिळून एका आकड्यानं चुकला होता. मालकाच्या वडिलांनी उगीच याचं नाव तराजू चालू दिलं नव्हतं. तराजूचा तोल जराही ढळला नव्हता, फक्त त्यातली वजनं कधीचीच खोटी झाली होती.

"मी आजच लिहितो," मालक म्हणाला. "ऑपरेटरची चूक नव्हती. तिनं दोनदा सांगितलं होतं आणि तिचं ऐकलं नाही. असंच लिहितो." मग चिमणीकडे न बघता म्हणाला, "तू परत ये. मी पत्रक काढायच्या आधी तुला विचारायला हवं होतं."

"बघते," चिमणी म्हणाली. बस एवढंच.

तराजूच्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि तेवढ्यापुरता तो सुखी झाला. आता डोळा जायचा तर जावो. मालक खुर्चीतून उठत होता तो थांबला. "आता तुमचा एक डोळा स्वच्छ आहे," तो म्हणाला. "कच्चे शॉट सगळे इथेच आहेत. पुन्हा बसा. नवी आवृत्ती काढू, लोकांना जुनी बदलून देऊ. या वेळेला तरी सिनेमा वाचवू."

ही गोष्ट तराजूच्या मनात आलीच नव्हती. त्यानं पट्टी सोडली, कापूस काढला आणि तोच डाव्या डोळ्यावर बांधला. चिमणी क्षणभर घुटमळली, मग आपल्या जुन्या खुर्चीत येऊन बसली. चाकावर हात ठेवला. पहिला शॉट, कच्चा.

"सांगा, काका."

तराजूनं पाहिलं. उजव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं. दगड, धूळ, माणसांच्या पाठी, दगडांच्या सावल्या.

"दोन दे," तो म्हणाला. तिनं दोन दिलं. संध्याकाळ झाली. चांगली होती.

"चार करून बघ." हीही चांगली होती.

"एक कर. नको, तीन." तिन्ही बऱ्या होत्या. कुठलीही थिएटरात खपली असती, आणि ती जुनी, खरी संध्याकाळ मात्र यांतली कुठलीच नव्हती, किंवा असेलही. त्यानं डोळा मिटला आणि जुनी संध्याकाळ आठवायचा प्रयत्न केला. अकरा आठवडे, ती खोली, कॅमेरामन मागून 'जरा उतरव, जरा उतरव' म्हणायचा तो. आवाज आठवला. खुर्ची आठवली. रंग आठवायला गेला की समोर यायची ती हिवाळ्यातली संध्याकाळ, पिकलेल्या डोळ्यानं बघितलेली. तिच्यामागे दहा वर्षांपूर्वी कॅसेटवर बघितलेली. त्यामागेही तीच. बाई म्हणाल्या होत्या, मोतीबिंदू बारा-पंधरा वर्षांचा असावा. तेवढी वर्षं तो सिनेमा आठवत राहिला होता, आणि दर वेळी आठवणीवर पिवळ्याचा एक हात बसत गेला होता. डोळ्यातला मोतीबिंदू बाईंनी काढला. आठवणीतला कोण काढणार?

"काका?"

"पोरी, मला माहीत नाही गं."

"घाई नाही. हळूहळू बघू."

"तसं नाही. मला आठवत नाही. चिमूटभर होती एवढंच आठवतं. चिमूट केवढी, ते गेलं." तो रडत होता, आणि ते लपवावं हेही त्याला सुचलं नाही. "तुला नजर आहे. मी मानतो आता, तुला नजर आहे. तू सांग. किती हवी?"

चिमणीनं पडद्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. तिचा हात चाकावर होता, पण तो हलला नाही.

"मला कसं सांगता येईल?" ती शेवटी म्हणाली. "मी तेव्हा जन्मलेही नव्हते."

मालक दाराशी उभा होता. पडद्यावर चंद्रावरची माणसं पाठमोरी थांबली होती, आणि त्यांच्या सावल्यांचा आकडा तीनवर होता.